ओव्हीए फाइलमधून व्हर्च्युअल मशीन पुन्हा उभं करताना

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, एक्सपोर्ट केलं, तीस-चाळीस जीबीची ओव्हीए फाइल तयार झाली, ती दुसऱ्या सर्व्हरवर नेली, इम्पोर्टची पट्टी शंभर टक्के भरली. मशीन सुरू केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ : बूट करता येईल अशी डिस्क सापडली नाही. अशा वेळी पहिला संशय फाइलवर जातो आणि माणूस पुन्हा एक्सपोर्ट करायला बसतो. त्यात अर्धा दिवस जातो आणि दुसरी फाइलही नेमकी तिथेच अडते. कारण बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते. बदललेलं असतं ते तिच्या भोवतीचं मशीन.

बिऱ्हाड हलवताना सामान टेम्पोत नीट बसतं, नव्या घरी नीट उतरतं, आणि मग कळतं की फ्रिजची तीन पिनांची मोठी पिन इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. इथेही तसंच होतं. डिस्कवरचं विंडोज किंवा लिनक्स जसंच्या तसं आलेलं असतं, पण डिस्क कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, बूट होण्याची पद्धत आणि घड्याळ हे सगळं नव्या होस्टचं, म्हणजे ज्या संगणकावर ते मशीन चालतं त्याचं, असतं. इम्पोर्टमधलं निम्मं काम फाइल आणण्याचं आणि निम्मं या दोघांचं जुळवून देण्याचं.

फाइलच्या पोटात काय असतं

ओव्हीएफ हे डीएमटीएफ या संस्थेने ठरवलेलं मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती २००९ची, आणि २०११मध्ये ते आयएसओचंही मानक झालं. ओव्हीए म्हणजे याच ओव्हीएफच्या सगळ्या फाइली एका टार गाठोड्यात बांधलेल्या. हे गाठोडं कुठल्याही लिनक्सवर टारने किंवा विंडोजवर सेव्हन-झिपने उघडता येतं, आणि अडचण आली की पहिल्यांदा ते उघडूनच बघावं.

आत साधारण तीन गोष्टी दिसतात. ओव्हीएफ शेपटीची काही केबींची एक्सएमएल फाइल, म्हणजे सामानाची यादी. एमएफ शेपटीची आणखी छोटी फाइल, तिच्यात प्रत्येक फाइलचा शा-१ किंवा शा-२५६ ठसा, म्हणजे एक अक्षर बदललं तरी बदलणारी फाइलची खूण, लिहिलेला असतो. आणि खरं वजन असलेली व्हीएमडीके डिस्क, एक किंवा अनेक.

ती यादी नोटपॅडमध्ये उघडली तर घाबरण्यासारखं काही नाही. डिस्कच्या ओळीत 'कपॅसिटी' म्हणून १०७३७४१८२४०० असा आकडा दिसला तर तो बाइट्समध्ये आहे, म्हणजे १०२४च्या हिशेबाने बरोबर १०० जीबी. त्याच्या खाली 'आयटम' नावाचे ठोकळे एकाखाली एक येतात आणि प्रत्येकात 'रिसोर्स टाइप'चा एक क्रमांक असतो. ३ म्हणजे प्रोसेसर, ४ म्हणजे मेमरी, ५ म्हणजे आयडीई कंट्रोलर, ६ म्हणजे स्कझी कंट्रोलर, १० म्हणजे नेटवर्क कार्ड, १७ म्हणजे डिस्क, २० म्हणजे इतर स्टोरेज, यातच साटा येतो. हे सात क्रमांक लक्षात ठेवले तरी जुन्या मशीनची डिस्क कोणत्या कंट्रोलरवर होती हे फाइल पाहून दोन मिनिटांत सांगता येतं. पुढचं बरंचसं निदान याच एका माहितीवर अवलंबून असतं.

आता व्हीएमडीके. एक्सपोर्टमध्ये येणारी डिस्क 'स्ट्रीम ऑप्टिमाइझ्ड' प्रकारची, म्हणजे दाबून बसवलेली असते. ती प्रवासासाठी आहे, चालवण्यासाठी नाही. म्हणून ती नुसती कॉपी करून नव्या मशीनला जोडायची नसते; इम्पोर्ट करताना ती उलगडून त्या होस्टच्या स्वरूपात लिहावी लागते. होस्टवर मशीन चालवणारं सॉफ्टवेअर कोणतं त्यावर हे ठरतं : व्हर्च्युअलबॉक्सचं स्वरूप व्हीडीआय, विंडोजमधल्या हायपर-व्हीचं व्हीएचडीएक्स, लिनक्समधल्या केव्हीएमकडे क्यूकाऊ२ किंवा सरळ रॉ.

फाइलमध्ये काय नसतं हेही सांगायला हवं. स्नॅपशॉट, म्हणजे मधल्या वेळी जपून ठेवलेल्या स्थिती, येत नाहीत, फक्त एक्सपोर्टच्या क्षणीची स्थिती येते. होस्टला लावलेलं यूएसबी डोंगल येत नाही. हिशेबाचं किंवा डिझाइनचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर ते नव्या होस्टला लावून त्या मशीनकडे वेगळं वळवावं लागतं. नेटवर्कचं नाव येतं, पण ते नेटवर्क येत नाही. बॅकअपचं वेळापत्रक आणि कोणाला काय दिसावं याच्या परवानग्या जुन्या होस्टवरच राहतात.

निघण्याआधीची तयारी

सगळ्यात मोठी चूक इम्पोर्टच्या वेळी नव्हे, एक्सपोर्टच्या वेळी होते. जुनं मशीन अजून चालू आहे तोवर ज्या गोष्टी पाच मिनिटांच्या असतात, त्याच ते बंद पडल्यावर रात्रभर पुरतात.

मशीन आतून नीट शटडाऊन करा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर साध्या शटडाऊनमध्ये ते खरं बंद होत नाही. शिफ्ट दाबून शटडाऊन केलं की होतं. सीडी ड्राइव्हमध्ये अडकून राहिलेली आयएसओ काढून टाका. ती राहिली तर ईएसएक्सआयवर, म्हणजे व्हीएमवेअरच्या सर्व्हरवर, इम्पोर्ट करताना हवी ती डिस्क इमेज सापडत नाही असा एरर येतो, आणि दोष डिस्कचा नसून सीडीचा आहे हे चटकन लक्षात येत नाही. स्टॅटिक आयपी, गेटवे, डीएनएस कागदावर लिहून घ्या. लोकल अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड चालतो का, ते प्रत्यक्ष लॉगिन करून बघा, कारण नव्या जागी नेटवर्क नसताना डोमेनचं, म्हणजे ऑफिसच्या मध्यवर्ती सर्व्हरकडून तपासलं जाणारं, लॉगिन चालेलच असं नाही. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, असेल तर तो थांबवून ठेवा किंवा ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. टीपीएम, म्हणजे त्या कुलपाची किल्ली जपणारी चिप, बदलला की विंडोज ती मागणारच, आणि ती नसेल तर आतला डेटा कुणालाही काढता येत नाही.

आणि फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, पाहा : बायोस की यूईएफआय. विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' चालवलं की 'बायोस मोड' या ओळीत 'लेगसी' किंवा 'यूईएफआय' लिहिलेलं असतं. लिनक्समध्ये 'सिस फर्मवेअर ईएफआय' हा फोल्डर असेल तर यूईएफआय. हा एक शब्द लिहून ठेवला नाही म्हणून वर सांगितलेला काळा पडदा दिसतो. यूईएफआयवर बसवलेली डिस्क बायोसच्या मशीनला जोडली की तिला बूट लोडर दिसतच नाही. उलट केलं तरी तेच.

जागेचं गणित लोक नेहमी चुकवतात. समजा, ओव्हीए ३० जीबीची आहे, आतली डिस्क १०० जीबीची आणि तिच्यातला प्रत्यक्ष डेटा ४५ जीबी. नव्या सर्व्हरवर ३० जीबी ओव्हीएला, गाठोडं सोडल्यावर आणखी ३०, आणि उलगडलेल्या डिस्कला ४५. झाले १०५ जीबी, तेही थिन प्रकारात, म्हणजे डिस्क डेटापुरतीच जागा घेते तेव्हा. सगळी जागा आधीच राखणारं थिक निवडलं तर शेवटचा आकडा ४५ ऐवजी १०० होतो. प्रॉक्समॉक्ससारख्या केव्हीएमवर चालणाऱ्या होस्टवर रूटचं पार्टिशन लहान असतं आणि ते भरलं की मशीनच काय, अख्खा होस्ट अडतो. म्हणून आधी दुसरी मोठी जागा किंवा बाहेरची डिस्क जोडून घ्या आणि गाठोडं तिथे सोडा.

नेण्याच्या वाटेवर पेनड्राइव्ह असेल तर तो फॅट३२ नसल्याची खात्री करा. फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, मग ड्राइव्ह १२८ जीबीचा का असेना. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा. नेटवर्कवरून नेत असाल तर वेळ आधी काढा : १०० एमबीपीएसच्या स्विचवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी जातात, म्हणजे ६० जीबीला किमान ८० मिनिटं. गिगाबिटवर हेच काम दहा मिनिटांच्या आत होतं. जुना स्विच मध्ये असेल तर लॅपटॉपची केबल थेट सर्व्हरला लावणं जास्त शहाणपणाचं.

पोचल्यावर ठसा जुळवा. लिनक्सवर 'शा२५६सम', विंडोजवर 'सर्टयूटिल' आणि त्याचा 'हॅशफाइल' पर्याय, फाइलच्या नावापुढे 'शा२५६' लिहून. दोन्हीकडचे ६४ अक्षरांचे ठसे जुळले की फाइलवरचा संशय कायमचा संपतो. पुढे काहीही बिघडलं तरी पुन्हा एक्सपोर्ट करायचं नाही, कारण दुसरीकडे आहे, हे पक्कं होतं.

व्हर्च्युअलबॉक्सवर

विद्यार्थी, शिकवणारे आणि लहान ऑफिसं बहुधा इथूनच सुरुवात करतात. फाइल मेन्यूत 'इम्पोर्ट अप्लायन्स' निवडून ओव्हीए दाखवली की यादीतल्या सगळ्या गोष्टी एका पडद्यावर दिसतात आणि इथेच बदलता येतात. तुमच्या लॅपटॉपची मेमरी ८ जीबी आणि येणारं मशीन ८ जीबी मागत असेल तर इथेच ४ करा. होस्टच्या निम्म्यापेक्षा जास्त मेमरी पाहुण्याला, म्हणजे आत चालणाऱ्या मशीनला, देऊ नये, नाहीतर दोघंही रांगतात.

त्याच पडद्यावर मॅक पत्त्याचं, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाचं, धोरण विचारलं जातं आणि बहुतेक जण न वाचता पुढे जातात. इथे थांबा. जुनं मशीन बंद करून तेच इकडे आणत असाल आणि एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना मॅक पत्त्याला बांधलेला असेल, तर सगळे पत्ते जसेच्या तसे ठेवा. मूळ मशीन चालूच राहणार आणि ही दुसरी प्रत असेल, तर सगळे नवे पत्ते बनवायला सांगा. एकाच नेटवर्कवर एकच मॅक असलेली दोन मशीनं आली की दोघांचंही कनेक्शन थोडा वेळ येतं, थोडा वेळ जातं, आणि असा दोष शोधणं फार त्रासाचं असतं.

मशीन सुरूच होत नसेल आणि व्हीटी-एक्सचा उल्लेख असलेला एरर येत असेल तर होस्टच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. इंटेलवर ते त्याच नावाने, एएमडीवर 'एसव्हीएम मोड' नावाने सापडतं. सुरू होऊनही फार संथ चालत असेल तर खिडकीच्या खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसतंय का बघा. दिसलं तर होस्टच्या विंडोजमध्ये हायपर-व्ही जागा आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या आडून काम करावं लागतंय. मेमरी कितीही वाढवली तरी या संथपणावर उपाय होत नाही.

इथून तयार केलेली ओव्हीए व्हीएमवेअरकडे न्यायची असेल तर 'व्हर्च्युअलबॉक्स-२.२' हे हार्डवेअर कुटुंब चालत नाही असा एरर येतो. ओव्हीएफ फाइलमध्ये तो शब्द खरोखरच तसा लिहिलेला असतो. गाठोडं सोडा, त्या जागी 'व्हीएमएक्स-०७'सारखं व्हीएमवेअरला कळणारं नाव लिहा, साउंड कार्डचा ३५ क्रमांकाचा ठोकळा काढून टाका. पण यादीतलं एक अक्षर बदललं की तिचा ठसा बदलतो आणि एमएफ फाइलशी जुळत नाही. म्हणून एमएफ फाइल बाजूला काढून ठेवा किंवा तिच्यात नवा ठसा लिहा. व्हीएमवेअरच्या नव्या होस्टवरून जुन्यावर जाताना 'व्हीएमएक्स-२१' चालत नाही असं म्हटलं जातं तेव्हाही हाच उपाय, पण तिथे आकडा खाली आणून मशीन चालेलच याची हमी नसते. त्या नव्या आवृत्तीतली एखादी सोय वापरलेली असेल तर ते अडेल.

व्हीएमवेअरचं विंडोज प्रॉक्समॉक्सवर

नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्याच डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं. तेव्हापासून हे स्थलांतर फार ठिकाणी चालू आहे, आणि त्यातलं अवघड प्रकरण म्हणजे विंडोज सर्व्हर. म्हणून हे सावकाश पाहू.

गाठोडं सोडल्यावर 'क्यूएम इम्पोर्टओव्हीएफ' ही आज्ञा, तिच्यापुढे नव्या मशीनचा क्रमांक, ओव्हीएफ फाइलचं नाव आणि स्टोरेजचं नाव द्यायचं. उदाहरणार्थ १२०, फाइल, 'लोकल-एलव्हीएम'. प्रॉक्समॉक्सच्या ८.३ आवृत्तीपासून हेच काम वेब पडद्यावरून ओव्हीए दाखवूनही होतं. यादीच बिघडलेली असेल तर ती सोडून द्या : रिकामं मशीन स्वतः तयार करा आणि 'क्यूएम डिस्क इम्पोर्ट'ने नुसती व्हीएमडीके त्यात आणा. बऱ्याच वेळा हाच रस्ता जास्त सरळ पडतो, कारण प्रत्येक गोष्ट तुम्ही डोळ्यांनी पाहून निवडलेली असते.

आता मशीन लगेच सुरू करू नका. आधी चार गोष्टी पाहा. बायोसचा पर्याय लिहून ठेवल्याप्रमाणे : बायोस असेल तर सीबायोस, यूईएफआय असेल तर ओव्हीएमएफ. ओव्हीएमएफ असेल तर ईएफआय डिस्कही जोडावी लागते. ओएस टाइप विंडोजची योग्य आवृत्ती. नेटवर्क कार्ड आलंय का. नसेल तर ई१००० प्रकारचं जोडा आणि त्याची केबल तूर्त तुटलेली ठेवा, तशी खूण त्याच पडद्यावर आहे. आणि डिस्क साटावर जोडा, व्हर्टआयओ स्कझीवर नाही. व्हर्टआयओ म्हणजे केव्हीएमची खास आभासी उपकरणं.

हे शेवटचं का ते समजून घ्यायला हवं. विंडोज सुरू होताना डिस्क वाचायला ज्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लागतो तो त्याच डिस्कवर असतो, आणि बूटच्या वेळी कोणते ड्रायव्हर उचलायचे याची यादी विंडोजने आधीच ठरवून ठेवलेली असते. व्हर्टआयओचा ड्रायव्हर विंडोजसोबत येत नाही. म्हणून थेट व्हर्टआयओवर डिस्क टांगली की निळा पडदा आणि 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. साटाचा ड्रायव्हर विंडोज ७ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत मुळातच असतो, त्यामुळे तिथून ते बहुधा उभं राहतं. विंडोज एक्सपी असेल तर आयडीईवर ठेवा आणि तिथेच राहू द्या.

मग साटावरच कायम का नाही ठेवायचं? चालेल, पण जड डेटाबेस असेल तर फरक जाणवतो. म्हणून ही युक्ती : मशीन बंद असताना १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझी कंट्रोलरवर जोडा आणि सीडी ड्राइव्हमध्ये व्हर्टआयओ-विन नावाची ड्रायव्हरची आयएसओ घाला. साटावरून विंडोज सुरू करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेचा स्कझी कंट्रोलर दिसेल. आयएसओमधला ६४ बिटचा इन्स्टॉलर चालवा. पिवळी खूण गेली आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १ जीबीची डिस्क दिसली, म्हणजे ड्रायव्हर बूटच्या यादीत गेला. शटडाऊन करा. मुख्य डिस्क 'डिटॅच' करा, ती 'अनयूज्ड डिस्क' म्हणून खाली दिसेल. तिच्यावर दोनदा क्लिक करून या वेळी स्कझी निवडा. १ जीबीची डिस्क काढून टाका. आणि ऑप्शन्समध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये नव्या जागेवर खूण करा. ही शेवटची पायरी हटकून राहते, आणि मग सगळं बरोबर करूनही पुन्हा तोच काळा पडदा दिसतो.

व्हीएमवेअर टूल्स जुन्या होस्टवर असतानाच काढून टाकलेली बरी. नव्या ठिकाणी ती काढताना इन्स्टॉलर कधी कधी अडून बसतो. काम झाल्यावर क्यूईएमयू गेस्ट एजंट, म्हणजे होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्राम, बसवा, तो त्याच आयएसओमध्ये आहे.

दोन गोष्टी इथे पुन्हा डोकं खातात. पहिली, स्टॅटिक आयपी देताना हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे असं विंडोज सांगतं. ते दुसरं कार्ड म्हणजे व्हीएमवेअरचं जुनं, आता अस्तित्वात नसलेलं. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेन्यूत लपलेली उपकरणं दाखवायला सांगा, फिकट दिसणारं ते कार्ड अनइन्स्टॉल करा. दुसरी, सी ड्राइव्ह ठीक पण डी ड्राइव्ह गायब. डेटा गेलेला नसतो. कंट्रोलर बदलल्यामुळे विंडोज सर्व्हरने दुसरी डिस्क 'ऑफलाइन' ठेवलेली असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्या नावावर उजवं क्लिक करून 'ऑनलाइन' केलं की झालं. चुकूनही 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' म्हणू नका.

साडेपाच तासांचं घड्याळ

विंडोज मानतं की मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळ दाखवतं. केव्हीएम मात्र, काही सांगितलं नाही तर, तिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लावून देतं. भारतात याचा परिणाम नेमका साडेपाच तासांचा : सकाळचे दहा वाजले असताना पाहुण्या विंडोजमध्ये साडेचार दिसतात. ओएस टाइप विंडोज निवडला तर प्रॉक्समॉक्स हे आपोआप सांभाळतं. तो 'अदर' राहिला तर नाही. मग ऑप्शन्समध्ये आरटीसीसाठी, म्हणजे त्या मदरबोर्डच्या घड्याळासाठी, लोकल टाइम चालू करा. हा दोष किरकोळ समजू नये. डोमेनच्या लॉगिनसाठी वापरली जाणारी कर्बेरॉस पद्धत पाच मिनिटांहून जास्त फरक खपवून घेत नाही, आणि बिलांवरची तारीख-वेळ चुकली तर निस्तरायला किती दिवस लागतात हे हिशेब बघणाऱ्याला विचारा.

लिनक्स असेल तर

लिनक्सच्या कर्नलमध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर असतात, त्यामुळे डेबियन आणि उबंटू बहुधा थेट उभे राहतात. रेड हॅट, रॉकी, अल्मा यांची गोष्ट वेगळी. त्यांचा इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणारा छोटा डबा, फक्त त्या मशीनला लागणारे ड्रायव्हर घेऊन बांधलेला असतो. कंट्रोलर बदलला की तो रूट डिस्कची वाट बघत राहतो आणि शेवटी ड्रॅकटच्या, म्हणजे हा डबा बांधणाऱ्या साधनाच्या, आपत्कालीन शेलमध्ये आणून सोडतो. पुन्हा इन्स्टॉल करायची गरज नाही. मशीन पुन्हा सुरू करून ग्रबच्या यादीत सगळ्यात खालचं 'रेस्क्यू' निवडा. त्या डब्यात सगळे ड्रायव्हर असतात. आत गेल्यावर 'ड्रॅकट'ला 'फोर्स' आणि 'रीजनरेट-ऑल' हे पर्याय देऊन नवे डबे बांधून घ्या.

एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, डिस्क 'एसडीए१' अशा नावाने लिहिली असेल तर व्हर्टआयओ ब्लॉकवर ती 'व्हीडीए१' होते आणि माउंट अडतं. यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने, लिहिली असेल तर काहीच होत नाही. नेटवर्क कार्डाचं नावही बदलतं. व्हीएमवेअरवर बहुधा 'ईएनएस३३' किंवा 'ईएनएस१९२', व्हर्च्युअलबॉक्सवर 'ईएनपी०एस३', प्रॉक्समॉक्सवर 'ईएनएस१८'. म्हणजे उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, नेटप्लॅनच्या, फाइलमध्ये जुनं नाव तसंच राहतं आणि मशीन सुरू होऊनही आयपी मिळत नाही. 'आयपी लिंक' म्हणून नवं नाव पाहा, फाइलमध्ये बदला, 'नेटप्लॅन अप्लाय'.

रॉकी ९ सुरू होताच सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ नाही म्हणून कोसळत असेल तर दोष प्रोसेसरच्या प्रकारात आहे. मशीनला 'केव्हीएम६४' असा जुना प्रकार दिलेला असतो. तो 'होस्ट' करा.

मशीनं पाच-दहा असतील तर हे सगळं हाताने करू नका. 'व्हर्ट-व्ही२व्ही' हे साधन ओव्हीए वाचतं, विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हर घालतं, लिनक्सचा डबा नव्याने बांधतं आणि क्यूकाऊ२ हाती देतं. एक मात्र कुठल्याही साधनाने होत नाही : इंटेल-एएमडीसाठी बनलेलं मशीन एम१ किंवा त्यानंतरच्या मॅकवर मूळ वेगाने चालत नाही. तिथे प्रोसेसरची भाषाच वेगळी आहे. यूटीएमसारखं साधन तिचं भाषांतर करत चालवू शकतं, पण रोजच्या कामाला तो वेग पुरत नाही.

हायपर-व्हीचे तीन प्रश्न

हायपर-व्ही ओव्हीए घेत नाही. डिस्क व्हीएचडीएक्समध्ये बदलून नवं मशीन बनवावं लागतं. जनरेशन १ म्हणजे बायोस आणि २ म्हणजे यूईएफआय, आणि हे नंतर बदलता येत नाही. हायपर-व्हीचं स्वतःचं एक्सपोर्ट म्हणजे एक फोल्डर असतो आणि तो इम्पोर्ट करताना तीन पर्याय येतात. 'रजिस्टर' म्हणजे फाइली आहेत तिथूनच चालवा. पेनड्राइव्हवरून असं केलं तर पेनड्राइव्ह काढताच मशीन गेलं. 'रिस्टोअर' म्हणजे फाइली ठरलेल्या जागी न्या, पण ओळख क्रमांक तोच ठेवा. 'कॉपी' म्हणजे नवा ओळख क्रमांक. हरवलेलं परत आणताना दुसरा, चालू मशीनची चाचणीसाठी प्रत करताना तिसरा. नव्या विंडोज सर्व्हरवरचं मशीन जुन्यावर मागे नेता येत नाही : २०१६ला ८.०, २०१९ला ९.० आणि २०२२ला १०.० अशा आवृत्त्या मशीनवर लिहिलेल्या असतात.

जुनी प्रत परत आणताना

इम्पोर्टमध्ये आणि रिस्टोअरमध्ये एक मोठा फरक आहे : रिस्टोअरमध्ये मशीन काळात मागे जातं, बाकी जग पुढे गेलेलं असतं. डोमेनमधलं विंडोज दर ३० दिवसांनी डोमेनशी असलेला आपला गुप्त पासवर्ड बदलतं. दोन महिन्यांपूर्वीची प्रत आणली तर तिच्याकडे जुना पासवर्ड असतो आणि लॉगिनच्या वेळी डोमेनशी विश्वासाचं नातं तुटलं असा संदेश येतो. लोकल अॅडमिनने आत जाऊन पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनेल' ही आज्ञा 'रिपेअर' आणि 'क्रेडेन्शियल' पर्यायांसह चालवली, डोमेन अॅडमिनचा पासवर्ड दिला, की ते जुळतं. लोकल अॅडमिनचा पासवर्ड आधी का तपासायला सांगितला होता ते इथे कळतं.

डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारा सर्व्हरच, असा मागे आणायचा असेल तर जपून. दुसरे कंट्रोलर चालू असताना जुनी प्रत त्यांच्यात सोडली की त्यांचे बदलांचे क्रमांक जुळत नाहीत आणि निर्देशिका आतून बिघडते. विंडोज सर्व्हर २०१२पासून यावर व्हीएम-जनरेशन आयडीची संरक्षक सोय आहे, पण ती होस्टनेही पुरवावी लागते. दुसरा निरोगी कंट्रोलर असेल तर जुना परत आणू नये, नवाच उभा करावा.

प्रॉक्समॉक्सचा बॅकअप, म्हणजे व्हीएमए झेडएसटी फाइल, 'क्यूएमरिस्टोअर'ने परत येते. नव्या क्रमांकावर आणा आणि 'युनिक' पर्याय द्या म्हणजे मॅक पत्ता नवा मिळेल. 'फोर्स' दिला तर त्या क्रमांकाचं सध्याचं मशीन पुसून त्यावर लिहिलं जातं. चुकीचा क्रमांक टाकला तर चांगलं मशीन जाईल. झेन सर्व्हर आणि एक्ससीपी-एनजीची एक्सव्हीए फाइल 'व्हीएम-इम्पोर्ट'ने येते, आणि तिथे 'प्रिझर्व्ह' पर्याय याच्या उलट वागतो : तो दिला की जुने मॅक पत्ते तसेच राहतात.

दोन प्रती कायम सोबत चालणार असतील तर लिनक्समध्ये मशीन-आयडी आणि एसएसएच होस्ट की नव्याने बनवा, विंडोजमध्ये सिसप्रेप, म्हणजे मशीनची ओळख नव्याने बनवणारं साधन, चालवा.

पहिली सुरुवात नेहमी केबल तुटलेली ठेवूनच. लॉगिन होतंय, घड्याळ बरोबर आहे, सगळ्या ड्राइव्ह दिसताहेत, डेटाबेस उघडतोय आणि त्यातली शेवटची नोंद अपेक्षित तारखेची आहे, एवढं पाहिल्यावर जुनं मशीन बंद करा आणि मग केबल जोडा. जुन्या होस्टवरचं मूळ मशीन आणि ती ओव्हीए, दोन्ही किमान एक महिनाअखेर उलटेपर्यंत पुसू नका. पगारपत्रक, जीएसटीचं विवरण, महिन्यातून एकदाच चालणारा एखादा अहवाल यांच्या वाटेतला बिघाड पहिल्या दिवशी दिसत नाही.